एसी बंद केल्यावर इनडोअरमधून पाणी गळतं, मेकॅनिक कार्ड बदला म्हणतो. काय करू?

लगेच कार्ड, म्हणजे एसीचा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, बदलू नका. तुम्ही लिहिलंय की राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये दीड टनाचा स्प्लिट आहे, रात्रभर थंड करतो, पण पहाटे बंद केला की भिंतीवरून पाणी येतं आणि हे मागच्या सर्व्हिसिंगपासून सुरू झालं. मी कोल्हापुरात हीच कामं करतो. चालू असताना नाही, बंद केल्यावर गळतं, म्हणजे बहुतेक कॉइलवर, आतल्या गार होणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर, बर्फ धरतोय. तो एकदम वितळला की खालचा पाणी झेलणारा ट्रे उतू जातो.

बर्फ का धरतो? इनडोअरमध्ये बहुतेक दोन सेन्सर असतात. एक कॉइलच्या पुढे प्लास्टिकच्या क्लिपात, तो खोलीची हवा मोजतो. दुसरा कॉइलच्या पाइपला चिकटवलेल्या तांब्याच्या छोट्या नळीत खोचलेला असतो. कॉइल फार गार पडली की हा कॉम्प्रेसर थांबवतो. जेट पंपानं कॉइल धुताना तो बाहेर काढतात आणि बसवताना अर्धवट राहतो. मग तो हवेचंच तापमान सांगत बसतो आणि कॉम्प्रेसर थांबत नाही. मी असा लोंबकळणारा सेन्सर कितीतरी घरांत नुसत्या बोटानं आत ढकलून काम संपवलंय.

एमसीबी पाडा, पुढचं कव्हर काढून बघा. हा कॉइलचा सेन्सर नीट बसलेला असेल तर कार्डावरचा त्याचा प्लग काढून मल्टीमीटरनं त्याचा रोध (ओहम) मोजा. बरेच सेन्सर 25 अंशाला 10 किलोओहम दाखवतात, काही कंपन्यांचे 5 किंवा 20. आकड्यापेक्षा चाल बघा: टोक मुठीत धरलं की ओहम सावकाश उतरले पाहिजेत, बर्फाच्या पाण्यात धरलं की चढले पाहिजेत. काटा उड्या मारत असेल किंवा हलतच नसेल, तर सेन्सर गेला. तो कार्डापेक्षा खूप स्वस्त असतो. फक्त तेवढ्याच किलोओहमचा घ्या.

फिल्टर मळलेला असला तरीही बर्फ धरतो, तो आधी धुवा.

आता ड्रेन, म्हणजे ट्रेतलं पाणी बाहेर नेणारा पाइप. नुसतं फुंकून शेवाळाचा बुळबुळीत थर निघत नाही. ट्रेत तांब्याभर पाणी सावकाश ओता आणि बाहेर कुणाला तरी पाइपाशी उभं करा. धार सलग आली पाहिजे. थेंब थेंब येत असेल तर बाहेरच्या टोकाकडून व्हॅक्यूमनं ओढून काढा. ॲसिड अजिबात ओतू नका. आणि पाइपाचं टोक झाडांसाठी ठेवलेल्या बादलीत बुडलेलं नाही ना? रंकाळ्याकडच्या एका घरात तीनदा ट्रे साफ केला, दोष बादलीतच होता. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात हवेत इतका ओलावा असतो की पाणी भरपूर पडतं, तेव्हा जराशी अडचणही लगेच दिसते.

एवढं करून पुन्हा बर्फ दिसला तर तो कुठं आहे त्याचा फोटो काढून ठेवा. कॉइलच्या सुरुवातीच्या, म्हणजे गॅस आत शिरतो त्या भागातच असेल तर गॅस कमी असायची शक्यता जास्त. मेकॅनिकला आधी गॅसची गळती शोधायला सांगा, मगच गॅस भरू द्या.