बीपीटी फर्स्ट इयर, अ‍ॅनाटॉमीसाठी कुठलं अ‍ॅप घेऊ?

तू लिहिलंयस की बीपीटीच्या (फिजिओथेरपीच्या पदवीच्या) पहिल्या वर्षाला आहेस, अ‍ॅनाटॉमी म्हणजे शरीररचना शिकायचीय, घर गुहागरकडे, सुट्टीत गेलं की नेट धड मिळत नाही, आणि थ्रीडी अ‍ॅपला पैसे भरू की नको. मी फिजिओ, देवगडची, वयाने मोठी असणारच म्हणून अगंतुगं करतेय. नको भरू, निदान पहिले सहा महिने तरी नको.

मी घेतलेलं ना असलं अ‍ॅप. आमच्याकडे रेंज फक्त सड्यावर, मग संध्याकाळी कातळावर बसून ती बॉडी गोल गोल फिरवायची, स्नायू काढ, परत घाल, मजा यायची आणि वाटायचं आपल्याला सगळं येतंय. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, सरांनी हातात क्लॅविकल (गळ्याखालचं, छातीपासून खांद्यापर्यंतचं हाड) ठेवलं आणि विचारलं, कुठल्या बाजूचं? झालं कल्याण. अ‍ॅपमध्ये बोट लावलं की नाव, बाजू सगळं लिहून यायचं, इथे नुसतं पिवळट हाड. त्यात स्क्रीनवरचा माणूस आपल्याकडे तोंड करून उभा, म्हणजे त्याचा डावा खांदा आपल्या उजव्या हाताला, हे माझ्या डोक्यात महिनाभर उलटंच बसलेलं. नंतर एका सीनिअर ताईने हाड हातात देऊनच दाखवलं: चपटं टोक खांद्याकडे, जाड गोलसर टोक छातीकडे, छातीकडचा दोन तृतीयांश भाग पुढे फुगलेला आणि खालच्या अंगाला लांबट खाच. एवढं जुळवलं की बाजू चुकत नाही.

म्हणून जे तुला प्रश्न विचारतं ते आधी घे, नुसतं दाखवणारं मागाहून.

अंकी नावाचं फ्लॅशकार्डचं सॉफ्टवेअर आहे, अँड्रॉइडवर अंकीड्रॉइड, फुकट (आयफोनवालं विकत आहे) आणि कार्डं फोनमध्येच असल्याने नेट लागत नाही. चित्र टाकायचं, त्यावरची नावं चौकोनाने झाकायची आणि ओळखत बसायचं. पण कार्डं स्वतः बनव. तयार हजारो कार्डांचे डेक मिळतात, मी एक उतरवला आणि चौथ्या दिवशी सोडला.

वाचायला ओपनस्टॅक्सचं अ‍ॅनाटॉमी अँड फिजिऑलॉजी, २०२२ ची दुसरी आवृत्ती, अख्खी पीडीएफ फुकट, रेंज असेल तिथे एकदाच उतरवून ठेव. भाषा सोपी आहे पण हातापायाचं तपशीलवार त्यात नाही, त्याला बीडीसी, म्हणजे बी. डी. चौरसियांचं अ‍ॅनाटॉमीचं पुस्तक, लागणारच. हातापायांच्या नसा (नर्व्ह, रक्तवाहिन्या नव्हे) आणि स्नायू यांसाठी टीचमीअ‍ॅनाटॉमी साइट बघ, लेखाच्या शेवटी प्रश्नही असतात. व्हिडिओ हवेत तर यूट्यूबवर अ‍ॅनाटॉमीझोन, पण एक व्हिडिओ बघितला की फोन पालथा ठेवून कोऱ्या कागदावर काढून बघ, नाहीतर परत माझ्यासारखं होईल.

चित्रांसाठी ग्रेज अ‍ॅनाटॉमी या जुन्या प्रसिद्ध पुस्तकाची १९१८ ची अमेरिकन आवृत्ती नेटवर फुकट आहे, कॉपीराइट संपलाय. पहिल्या आवृत्तीची चित्रं हेन्री वँडाइक कार्टरची, १८५८ ला पुस्तक आलं त्याच वर्षी हा बाबा मुंबईत येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजला अ‍ॅनाटॉमी शिकवायला लागला, मला हे कळल्यावर उगाचच आपला माणूस वाटायला लागला. पण त्यातली नावं तशीच पाठ करू नकोस, जुनी आहेत. मनगटातल्या स्कॅफॉइडला तिथे नॅव्हिक्युलर म्हटलंय आणि आज नॅव्हिक्युलर म्हणजे पायातलं हाड, पेपरात लिहिलंस तर गेले मार्क. चित्र घे, नाव बीडीसीतून.

आणि फुकटचं मॉडेल स्वतःचं अंग. कोपराच्या आतल्या बाजूच्या उंचवट्यामागे बोटाने हळूच चाचप, दोरीसारखं लागतं ती अल्नर नस, तिथे आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात त्या हिच्यामुळे.

हाडांना मात्र ऑनलाइन पर्याय नाही, हातातच पाहिजेत. कॉलेजला किंवा सीनिअरला बोन सेट मागून बघ. मी सुट्टीत घरी नेलेला तर आजी उंबऱ्यातच उभी, “मेल्याची हाडां घरात हाडलंस?” (आणलीस?) मग डबा सगळी सुट्टी पडवीत, पावसाळ्याच्या लाकडांशेजारी. लाइट गेली की तिथेच बॅटरी लावून बसायचे, शेजारचे काका एकदा विड्या मागायला आले आणि माझ्या मांडीवरची कवटी बघून आल्या पावली परत गेले.