वाचकांचे प्रश्न : समोच्च पट्ट्यांच्या कड्यांची दिशा

प्रश्न : कळसूबाई परिसराच्या उंचीच्या ग्रिडवरून (ओळी-स्तंभांत मांडलेल्या उंचीच्या आकड्यांवरून) मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख-संचात भरीव समोच्च पट्टे (ठरावीक उंचींमधले रंगीत भाग) काढून जिओजेसन ही नकाशातल्या आकृत्यांची फाइल केली. ती डी३ च्या (वेबपानावर नकाशे काढणाऱ्या जावास्क्रिप्ट संचाच्या) नकाशात नीट दिसते. तीच आज्ञावली दुसऱ्या ठिकाणच्या नेटसीडीएफ (ग्रिड साठवायचा एक फाइल-प्रकार) ग्रिडवर चालवली, तर पट्टा सोडून सगळं जग रंगतं. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र दोन्ही फाइली ठीक आहेत. मग सगळी कडी (पट्ट्याच्या आणि भोकांच्या बंद सीमारेषा) एकाच दिशेला वळवून एसव्हीजी (रेषांनी बनलेलं वेबचित्र) काढलं, तर पट्ट्यांमधली भोकं बुजली. चूक कुठे? — एक वाचक, नाशिक

उत्तर : चूक ग्रिडच्या ओळींच्या क्रमात आहे. कड्याचे बिंदू ज्या क्रमाने येतात ती त्याची दिशा. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेला ‘सुलट’ म्हणू, विरुद्ध दिशेला ‘उलट’. मॅटप्लॉटलिब बाहेरचं कडं उलट आणि भोकाचं सुलट काढतं, पण एक्स आणि वाय दोन्ही वाढत जात असतील तरच. जिओटिफमध्ये (उंचीचे ग्रिड ज्यात बरेचदा मिळतात त्या चित्र-फाइलीत) पहिली ओळ बहुधा उत्तरेची असते, म्हणजे अक्षांश घटत जातात आणि सगळ्या दिशा आरशातल्यासारख्या फिरतात. कळसूबाईच्या ग्रिडमध्येही बहुधा असंच असावं. तुमच्या नेटसीडीएफमध्ये अक्षांश बहुधा दक्षिणेकडून वाढत असावेत. ते छापून बघा. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली तरी हेच होतं.

आता डी३. ते गोलावर विचार करतं, आणि गोलावर कोणत्याही कड्याला दोन बाजू असतात. कोणती भरायची हे दिशेवरूनच ठरतं, आणि डी३ ला बाहेरचं कडं सुलट लागतं. शेपफाइल या नकाशांच्या जुन्या फाइल-प्रकारालाही तसंच. २०१६ च्या आरएफसी ७९४६ (जिओजेसनचं प्रमाण ठरवणारा दस्तऐवज) प्रमाणे जिओजेसनला मात्र उलट हवं. म्हणजे तुमची बिघडलेली वाटणारी फाइलच नियमाला धरून आहे! क्यूजीआयएस सपाट प्रतलावर रंगवतं, म्हणून त्याला फरक पडत नाही.

दिशा डोळ्यांनी ठरवू नका, चिन्हांकित क्षेत्रफळ काढा. प्रत्येक बिंदूचा एक्स गुणिले पुढच्याचा वाय, वजा पुढच्याचा एक्स गुणिले याचा वाय. सगळ्यांची बेरीज करून निम्मी करा. (०,०), (४,०), (४,३), (०,३) आणि परत (०,०) : बेरीज २४, क्षेत्रफळ +१२, म्हणजे उलट. ऋण आलं तर सुलट.

दुरुस्तीसाठी शेपली या पायथनच्या भूमिती-संचातलं ‘ओरिएंट’ वापरा. चिन्ह +१ दिलं की बाहेरचं कडं उलट आणि भोकं सुलट होतात. डी३ साठी −१ द्या. बहुखंडी (अनेक सुट्या तुकड्यांच्या) आकृतीत हे प्रत्येक खंडावर वेगळं चालवा, आणि निर्देशांकांची सगळी रूपांतरं आटोपल्यावरच. भोकं बुजली ती सगळी कडी एकाच दिशेची केल्यामुळे. एसव्हीजीचा मूळचा भरण-नियम (कुठे रंग भरायचा हे ठरवणारा) ‘नॉनझिरो’ असतो. त्यात भोक बाहेरच्या कड्याच्या विरुद्ध फिरलं तरच मोकळं राहतं.

नावावर मात्र जाऊ नका. आरएफसीतला ‘उजव्या हाताचा नियम’ बाहेरचं कडं उलट मागतो. पोस्टजीआयएस (नकाशांची माहिती साठवणारा डेटाबेस) आणि क्यूजीआयएसमध्ये त्याच नावाची क्रिया ते सुलट करते, कारण तिथे क्षेत्र कड्याच्या उजवीकडे धरलेलं आहे. ती चालवलीत तर क्षेत्रफळाचं चिन्ह पुन्हा तपासा.