जुहूला सापडलेल्या सँड डॉलरमध्ये नर-मादी असतात का? त्यांना पिल्लं कशी होतात?

तुम्ही लिहिलंय की जुहूला ओहोटीच्या वेळी पाच पाकळ्यांची नक्षी असलेली पांढरी चपटी चकती सापडली, आणि तेव्हापासून तुमची लेक विचारतेय की याचे आई-बाबा कसे असतात. प्रश्न फार छान आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी प्राणिशास्त्र शिकवतो, आणि या प्राण्यांवर माझा विशेष जीव आहे.

तुमच्या हातात आहे ते सँड डॉलरचं कवच. हा सी अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याचाच चपटा भाऊबंद. तारामासा, ब्रिटल स्टार, सी ककुंबर ही जरा लांबची नाती. शाळेच्या पुस्तकात हे सगळे ‘कंटकचर्मी’ संघात भेटतात.

आता पाकळ्या जिथे एकत्र येतात त्या मधल्या जागेवर मोबाइलचा कॅमेरा झूम करा. टाचणीच्या टोकाएवढी चार किंवा पाच भोकं दिसतील. मादीची अंडी आणि नराचे शुक्राणू तिथूनच बाहेर पडतात. (कवचाला आरपार मोठ्या फटी असतील तर त्या वेगळ्या, त्यांचा याच्याशी संबंध नाही.) गोल सी अर्चिनला अशी पाच भोकं असतात, कारण आत जननग्रंथीही पाच असतात. जपानी जेवणात ‘उनी’ म्हणून जे केशरी तुकडे वाढतात, त्या याच ग्रंथी.

म्हणजे नर-मादी वेगळे असतात, पण बाहेरून बघून ओळखू येत नाहीत. कळतं ते थेट अंडी किंवा शुक्राणू सोडल्यावर. किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेत आम्ही गोल सी अर्चिनला पोटॅशियम क्लोराइडचं इंजेक्शन देऊन समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बीकरवर पालथे ठेवायचो. थोड्या वेळाने कुणाखाली दुधासारखी पांढरी धार उतरायची, तो नर. कुणाखाली पिवळसर कण संथपणे तळाशी बसायचे, ती मादी. त्यातलं थेंबभर काचपट्टीवर एकत्र केलं की पुढचं सगळं डोळ्यांदेखत घडतं. शुक्राणूंचा गराडा पडतो, त्यातला एक आत शिरतो आणि मिनिटभरात अंड्याभोवती एक पारदर्शक पडदा पुरी फुगावी तसा टम्म वर येतो. त्यानंतर दुसऱ्या शुक्राणूला प्रवेश नाही. पडदा यायच्या आधी, पहिल्या काही क्षणांत, अंड्याच्या आवरणावरचा विद्युतभार बदलतो आणि तोच इतरांना थोपवून धरतो. दोन शुक्राणू शिरले तर गुणसूत्रांची वाटणी बिघडते आणि गर्भ टिकत नाही, म्हणून हा दुहेरी बंदोबस्त.

अंड्याचं आणि शुक्राणूचं केंद्रक एकत्र येतं हे ऑस्कर हर्टविग यांनी १८७६ मध्ये पहिल्यांदा नीट दाखवलं, तेही सी अर्चिनच्याच अंड्यात. आपल्या स्वतःच्या जन्माबद्दलची इतकी मूलभूत गोष्ट माणसाला या काटेरी प्राण्याने शिकवली. पुढे १९८२ मध्ये टिम हंट यांना पेशीविभाजन चालवणारी सायक्लिन नावाची प्रथिनं सापडली, तीही सी अर्चिनच्या अंड्यांत. त्या कामासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळालं.

समुद्रात मात्र इंजेक्शन नसतं आणि जोडीही जमत नाही. नर-मादी आपापल्या जागी बसून सगळं पाण्यात सोडून देतात. एकाने सोडलं की पाण्यातल्या रसायनांमुळे शेजारचेही सोडू लागतात. एक मादी लाखो अंडी सोडते, आणि त्यातली बहुतेक वाया जातात.

लेकीला मुख्य सांगायचं ते इथून पुढे. पिल्लू आई-बाबांसारखं अजिबात दिसत नाही. फलनानंतर दोन-चार दिवसांत तयार होते ती प्लुटियस नावाची अळी. काचेसारखी पारदर्शक, आत चुन्याच्या बारीक काड्यांचा सांगाडा, आणि डावी-उजवी बाजू आपल्यासारखी सारखी. पाच पाकळ्यांचा मागमूस नाही. ही अळी काही आठवडे, कधी काही महिने, सूक्ष्म वनस्पती खात पाण्यात तरंगत राहते. त्या काळात तिच्या शरीराच्या डाव्या बाजूला एक छोटा गोळा वाढत असतो. पाच बाजूंचा खरा सँड डॉलर तोच. योग्य तळ मिळाला की अळी खाली बसते, गोळा उलगडून बाहेर येतो आणि अळीचे हात आक्रसून जातात. तासाभरात तरंगणाऱ्या जिवाचा तळावर चालणारा जीव होतो, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा! नवं तोंड तयार होईपर्यंत काही दिवस तो खातही नाही. प्राणिसृष्टीत रूपांतरं पुष्कळ आहेत, पण फुलपाखरापेक्षाही मला हे थोर वाटतं.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सँड डॉलरचा अभ्यास खूप झालाय. त्याच्या अळ्यांना मोठ्या सँड डॉलरच्या वाळूचा ‘वास’ लागतो आणि त्या तिथेच उतरतात. पाण्यात माशाच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव जाणवला तर अळी स्वतःचीच प्रतिकृती तयार करते. तयार झालेल्या अळ्या लहान असतात, त्यामुळे माशाच्या नजरेतून सुटायची शक्यता वाढते. आणि कोवळे सँड डॉलर लोहयुक्त जड वाळूचे कण गिळून पोटात साठवतात, म्हणजे लाटेने उचलले जात नाहीत.

नातेवाइकांत थोडा फरक आहे. तारामाशाच्या अळीत काड्यांचा सांगाडा नसतो. लिंकिया जातीच्या तारामाशाचा तुटलेला एक हातसुद्धा अख्खा नवा तारामासा घडवू शकतो. काही जातींत मादी पिल्लं अंगावरच सांभाळते, तिथे तरंगणारी अळी नसतेच.

लेकीला जिवंत सँड डॉलर बघायचा असेल तर अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास जा. तेव्हा मुंबईत मोठी ओहोटी साधारण सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास असते. जिवंत असेल तो पांढरा नसतो. तपकिरी किंवा जांभळट, मखमलीसारख्या बारीक काट्यांनी झाकलेला असतो. तळहातावर घेतलात तर काटे हलताना जाणवतील. बघून झालं की त्याच ओल्या वाळूत ठेवा, दूर भिरकावू नका. शुक्राणू पाण्यात भराभर विरळ होतात, त्यामुळे जोडीदार लांब असेल तर अंडी फळतच नाहीत. कॅरिबियन समुद्रात १९८३-८४ मध्ये लांब काट्यांचे डायडेमा सी अर्चिन रोगाने ९० टक्क्यांहून जास्त मेले. उरलेले एकमेकांपासून इतके दूर पडले की त्यांची संख्या सावरायला दशकं लागली, आणि बऱ्याच ठिकाणी ती सावरलीच नाही.