उंबऱ्यात अडणारे पाय पेडलवर कसे चालतात?

'ताई, खरं सांगा, हे मुद्दाम तर करत नसतील?' पार्किन्सन्स या हालचाली अवघड करणाऱ्या मेंदूच्या आजाराच्या रुग्णांचे नातेवाईक हा प्रश्न मला अनेकदा, आणि बहुतेक वेळा दबक्या आवाजात, विचारतात. गेल्या वर्षी तो एका काकूंनी विचारला. त्यांचे पती निवृत्त शिक्षक, वय 68, आजाराला सात वर्षे झालेली (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). सर स्वयंपाकघरातून बाहेर येताना उंबऱ्याशी थबकत. टाचा उचलल्या जात, पण चवडे जमिनीला खिळल्यासारखे राहत आणि धड पुढे झुकून तोल जाई. त्याच सरांनी एका दुपारी शेजारच्या मुलाची सायकल मागून घेतली आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. उतरताना मात्र ते पडले आणि मनगट दुखावले. 'सायकल चालवता येते, मग पाण्याचा तांब्या घ्यायला आई कशाला लागते?' असे मुलगा त्यांच्यासमोरच बोलून गेला.

सायकलीविषयी बोलण्याआधी या संशयाविषयी बोलणे मला आवश्यक वाटले, कारण तेव्हापासून सर जेवायलाही बाहेर येत नव्हते. 2010 साली नेदरलँड्समधील नाइमेखेन येथील डॉ. बास्टियान ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच एका 58 वर्षांच्या रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली होती. चार पावले टाकणेही ज्याला कठीण होते, तो माणूस सायकल व्यवस्थित चालवत होता. या आजारात मेंदूतील डोपामिन हे हालचालींसाठी लागणारे रसायन कमी झाल्याने आपोआप होणारी हालचाल सुरू करणे अवघड होते. पेडल मात्र फिरता फिरता पुढच्या पायाला जणू ताल देते, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. मी हे मुलाला बोलावून, सरांच्या समोर सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने वडिलांना विचारले, 'उंबऱ्यात नेमकं काय होतं, बाबा?' सात वर्षांत हे त्यांना कोणी विचारले नव्हते.

सायकलवरून पुन्हा पडण्याची धास्ती मात्र खरीच होती. पेडल फिरत असेपर्यंत ठीक. पण दुचाकी सायकलवर चढताना, थांबताना आणि उतरताना पाय वेळेवर टेकला नाही तर माणूस आडवा होतो. म्हणून तीनचाकीचा विचार पुढे आला. 'ती अपंगांची गाडी', असे म्हणून सरांनी प्रथम तोंड फिरवले. मी आग्रह केला नाही. एकदा बसून पाहा, नको वाटली तर विषय संपला, इतकेच ठरले. न्यूरॉलॉजिस्टची संमती घेऊन फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली एका मोकळ्या मैदानात त्यांनी ती चालवून पाहिली.

तीनचाकी घेतली की पडण्याचा प्रश्नच मिटला, ही समजूत मात्र मला धोक्याची वाटते. दुचाकी वळताना आपण अंगासकट सायकल आत झुकवतो. तीनचाकी झुकत नाही, त्यामुळे वेगात वळल्यास तिचे आतले चाक उचलले जाते. पन्नास वर्षांची सवय असलेल्या सरांना पहिल्याच वळणावर हे जाणवले. मागची चाके हँडलपेक्षा रुंद असतात, हे फाटकाला घासल्यावर कळले. उजव्या हाताची पकड सैल असल्याने मुख्य ब्रेक डावीकडे बसवून घेतला, आणि चढता-उतरताना गाडी जागची हलू नये म्हणून ब्रेक अडकवून ठेवण्याची खिट्टीही लावली. उतरल्यावर लगेच चालू न लागता सीट धरून मिनिटभर उभे राहायचे, कारण या आजारात उठल्याबरोबर रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. वेळ निवडायची ती गोळीचा अंमल चांगला असतानाची; भास होत असतील, नजर नीट ठरत नसेल किंवा अंगाला अनावर हेलकावे येत असतील, तर त्या दिवशी गाडी बाहेर काढायची नाही.

आता सर रोज सकाळी वसाहतीतल्या आतल्या रस्त्यावर चार फेऱ्या मारतात आणि मागच्या टोपलीतून दूध आणतात. उंबऱ्यात ते अजूनही अडतात. मुलाने तिथे जमिनीवर रंगीत पट्ट्या आखल्या आहेत, त्या ओलांडायच्या म्हटल्या की पाऊल बऱ्याचदा उचलले जाते. मुख्य रस्त्यावरून वाचनालयापर्यंत जाण्याची परवानगी ते प्रत्येक भेटीत मागतात. फिजिओथेरपिस्ट दिवाळीनंतर पुन्हा तपासणी करणार आहेत, आणि तोपर्यंत माझे उत्तर 'नाही' असेच आहे.