समोरच्या गाडीच्या लाइटने डोळे दिपतात, यावर खरा उपाय काय?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. समोरून येणाऱ्या गाडीच्या लाइटने दोन-तीन सेकंद काहीच दिसेनासं होतं, तो दोष आपल्या डोळ्यांचा की गाड्यांचा? रात्रीच्या ड्रायव्हिंगसाठी विकतात तो पिवळ्या काचेचा चष्मा घ्यावा का? आणि सगळेच एवढे झगझगीत लाइट लावतात, तर आपणही जास्त वॉटचे एलईडी बसवावेत का?

मी गाड्यांच्या वायरिंगचं आणि लाइटचं काम करतो, रात्रीचं ड्रायव्हिंगही बरंच होतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. दोष बहुतेक वेळा गाड्यांचा असतो, पण डोळे तपासून घ्यायलाच हवेत. चष्म्यावर पैसे घालवू नका. आणि तिसरी गोष्ट कृपा करून करू नका.

आधी डोळ्यात काय होतं ते बघू. प्रखर प्रकाश डोळ्यात शिरतो तेव्हा तो सगळा एका ठिकाणी जमा होत नाही. डोळ्यातल्या भिंगातून वगैरे जाताना त्यातला थोडा विखुरतो आणि आतल्या पडद्यावर पातळ धुक्यासारखा पसरतो. रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस, लाइट नसलेली सायकल, उभा असलेला ट्रक या मुळातच अंधुक दिसणाऱ्या गोष्टी त्या धुक्यात बुडतात. हे धुकं किती दाट होणार याचं सूत्र १९२० च्या दशकातच मांडलं गेलं. हॉलाडे आणि स्टाइल्स या दोघांच्या नावाने ते ओळखलं जातं. त्यातली आपल्या उपयोगाची गोष्ट अशी की आपली नजर आणि लाइट यांच्यातला कोन दुप्पट झाला की हे धुकं साधारण चौथाईवर येतं. समोरच्या लाइटकडे न बघता आपल्या बाजूच्या रस्त्याच्या कडेकडे बघा, असं जुने ड्रायव्हर सांगतात, त्यामागे हे गणित आहे. नजर जराशी हलली तरी फरक मोठा पडतो.

गाडी निघून गेल्यावरही डोळे लगेच ताळ्यावर येत नाहीत. उजेडाची सवय डोळ्यांना पटकन होते, अंधाराची हळूहळू. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तीन सेकंद नीट दिसलं नाही तर ६६ मीटर रस्ता तुम्ही अंदाजाने कापलेला असतो. म्हणून तुमचा प्रश्न मला नुसत्या वैतागाचा वाटत नाही. यात माणसं मरतात, आणि त्यात पायी चालणारीही असतात.

आता गाड्यांकडे वळू. लाइट पूर्वीपेक्षा प्रखर झालेत हे खरंच आहे. साधा ५५ वॉटचा एच-सेव्हन प्रकारचा हॅलोजन बल्ब सुमारे १५०० ल्युमेन (प्रकाश मोजायचं एकक) प्रकाश देतो. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूने झेनॉन लाइट आणले, ते ३५ वॉटमध्येच ३२०० ल्युमेनच्या आसपास देतात. त्यानंतर एलईडी आले. त्यांचा प्रकाश जास्त पांढरा, निळसर झाक असलेला असतो, आणि तेवढ्याच तीव्रतेचा पिवळसर प्रकाश जितका खुपतो त्याहून हा जास्त खुपतो. शिवाय लाइटचं तोंड लहान झालंय. तेवढाच प्रकाश लहानशा भिंगातून आला की डोळ्यात टोचतो.

तरीही माझ्या अनुभवात खरा गुन्हेगार प्रखरपणा नाही, लाइटचा फोकस आहे. डिपर लाइटला, म्हणजे खाली झुकलेल्या जवळच्या झोताला, वरून एक कापलेली रेषा असते, तिच्यावर प्रकाश जवळजवळ जाऊ नये अशी रचना असते. कडेची पाटी आणि माणूस दिसावा म्हणून ही रेषा फक्त रस्त्याच्या कडेच्या बाजूला थोडी वर चढते. वाहनं डावीकडून चालतात तिथे डावीकडे, उजवीकडून चालतात तिथे उजवीकडे. दुसऱ्या पद्धतीच्या देशातला लाइट आणून बसवला की ती चढण नेमकी समोरच्याच्या डोळ्यांत जाते.

बऱ्याच गाड्यांमध्ये ही रेषा १ टक्का खाली झुकवलेली असते, म्हणजे दर १० मीटरला १० सेंटीमीटर खाली. लाइट जमिनीपासून ७० सेंटीमीटरवर असेल तर ती ७० मीटरवर रस्त्याला टेकते. समोरच्या कारमधल्या माणसाचे डोळे १२० सेंटीमीटरच्या आसपास असतात, म्हणजे रेषेच्या बऱ्यापैकी वर, सुरक्षित. आता तीच रेषा १ टक्का खाली असण्याऐवजी १ टक्का वर गेली असं समजा. ५० मीटरवर ती बरोबर १२० सेंटीमीटरवर पोचते. सगळा फरक जेमतेम एका अंशाचा! डिपर लावलेला असतो, चालवणाऱ्याला वाटतं आपण नियमाने चाललोय, आणि समोरच्याला तो अप्पर, म्हणजे लांबचा झोत, वाटतो.

हा एक अंश कशाने बिघडतो? सगळ्यात साधं कारण म्हणजे मागे भरलेलं सामान. डिकी भरली, मागे तीन जण बसले की गाडीचं नाक वर होतं आणि लाइटही. त्यासाठीच बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर ० ते ३ आकडे असलेलं छोटं चाक दिलेलं असतं. एकटे असाल तर ०, सामान वाढेल तसा आकडा वाढवायचा. आकडा जितका मोठा तितका लाइट खाली. कित्येक जण गाडी विकेपर्यंत त्याला हात लावत नाहीत. आज रात्री शोधा, तुमच्या गाडीत असेलच तर कुठे आहे ते तरी बघून ठेवा.

दुसरं कारण मी कामावर नेहमी बघतो. 'समोरचे सगळे मला अप्पर मारतात, माझा तर डिपर असतो' अशी तक्रार घेऊन माणूस येतो. बल्ब काढून बघावा तर त्याच्या कडीवरचे तीन कान खाचांत बसलेलेच नसतात. कुणीतरी घाईत दाबून वरून स्प्रिंग अडकवलेली असते आणि बल्ब एका बाजूला कललेला असतो. तो नीट बसवला की रेषा भिंतीवर लगेच खाली येते. याला एक पैशाचं सामान लागत नाही.

आणि तिसरं कारण म्हणजे तुमचा तिसरा प्रश्न. हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाइटच्या घरात एलईडी बल्ब. आत तापून उजळणाऱ्या दोन तारांचा एच-फोर बल्ब कधी हातात घेऊन बघा, एक तार डिपरची, एक अप्परची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. ती तारेचा प्रकाश हेडलाइटच्या आतल्या आरशाच्या खालच्या अर्ध्या भागावर पडू देत नाही, म्हणून प्रकाश वर उसळत नाही. आरशाची सगळी वळणं ती तार नेमकी कुठे आहे हे धरून घडवलेली असतात. बाजारातल्या बहुतेक एलईडी बल्बमध्ये तारेच्या जागी एका पट्टीच्या दोन बाजूंना चिप चिकटवलेल्या असतात. जागा मिलिमीटरभर हलते, आकार बदलतो, आणि आरसा प्रकाश भलतीकडे फेकतो. जवळच्या रस्त्यावर पांढराशुभ्र उजेड पडतो म्हणून चालवणारा खूश होतो. लांबवर मात्र पूर्वीपेक्षा कमी दिसू शकतं, कारण जवळच्या झगमगाटाने त्याचेच डोळे आकसतात. समोरच्याचे हाल होतात ते वेगळेच. पाऊस किंवा धुकं असेल तर तो पांढरा प्रकाश उलटून स्वतःच्याच तोंडावर येतो. कारखान्यातून एलईडीच बसून आलेली गाडी वेगळी, तिचं घर एलईडीसाठीच बनवलेलं असतं.

त्यापेक्षा आहे तोच लाइट सुधारा. हेडलाइटची बाहेरची काच खरं तर पॉलिकार्बोनेटची असते. उन्हाने ती पिवळट, दुधाळ होते. मग रस्त्यावर प्रकाश कमी पडतो आणि जो पडतो तो विखुरतो, म्हणजे तुमचंही नुकसान आणि समोरच्याचंही. ती पॉलिश करून घ्या. बल्ब जुना झाला असेल तर चांगल्या कंपनीचा, तेवढ्याच वॉटचा नवा घाला. मग फोकस बघा. सपाट जागी, टायरमध्ये हवा नीट असताना, ड्रायव्हरच्या जागी कुणाला तरी बसवून, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. लाइटच्या मध्यापर्यंतची उंची मोजून भिंतीवर खूण करा. डिपरची रेषा त्या खुणेपेक्षा साधारण १० सेंटीमीटर खाली हवी. लाइटवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर १.० किंवा १.२ टक्के असा आकडा छापलेला असेल तर तोच प्रमाण. वर-खाली करायचा स्क्रू लाइटच्या मागे असतो.

रस्त्यावर असताना: पुढच्या काचेची आतली बाजू पुसलेली असू द्या. आतून बसलेला तेलकट थर दिवसा दिसतही नाही, रात्री मात्र प्रत्येक लाइटला पिसारा फुटतो. घासलेल्या वायपरने ओढलेल्या रेषाही तेच करतात. डॅशबोर्डचा आणि स्क्रीनचा उजेड कमीत कमी ठेवा. मागून येणाऱ्या लाइटसाठी आतल्या आरशाखालची दांडी ओढा. आरशाची काच पाचरीच्या आकाराची असते, दांडी ओढली की फक्त पुढच्या पृष्ठभागावरचं फिकट प्रतिबिंब तुमच्याकडे येतं. समोरून झोत आला की एक्सलेटर सोडा, नजर आपल्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर. एकदा लाइट क्षणभर चमकवून आठवण करून द्या, पण त्याने ऐकलं नाही म्हणून आपणही अप्पर लावून ठेवू नका. तसं केलं की दोन आंधळे ड्रायव्हर एकमेकांकडे येत असतात. आणि चढावर किंवा खड्ड्यात समोरचा लाइट क्षणभर उसळला तर तो मुद्दाम अप्पर मारत नसतो, हेही लक्षात असू द्या.

पिवळ्या चष्म्याबद्दल: २०१९ मध्ये 'जामा ऑप्थॅल्मॉलॉजी' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर समोरून झोत असताना आणि नसताना, पिवळ्या चष्म्याने पादचारी लवकर दिसतात का हे तपासलं. फायदा दिसला नाही. साधं कारण आहे, रंगीत काच सगळाच प्रकाश कमी करते, झोताचा आणि अंधारातल्या माणसाचाही. चष्मा लागतच असेल तर स्वच्छ काच आणि अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग (काचेवरची चमक कमी करणारा थर) याचा उपयोग होतो.

यावर कायमचा तोडगा म्हणाल तर कॅमेरा समोरची गाडी ओळखून झोताचा तेवढाच भाग विझवतो, असे लाइट आता निघाले आहेत. युरोपात ते आधीपासून होते, अमेरिकेने २०२२ मध्ये परवानगी दिली. पण आधीपासून रस्त्यावर असलेल्या गाड्यांचा फोकस त्याने सुधारत नाही.

शेवटी तुमचे डोळे. दर लाइटभोवती कडं दिसत असेल, किंवा लाइटमधून तिरप्या रेघा निघताना दिसत असतील, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा आणि 'रात्री गाडी चालवताना त्रास होतो' असं स्पष्ट सांगा. नुसता तक्ता वाचून दाखवला तर हा त्रास सुटून जाऊ शकतो. चष्म्यात न दिलेला सिलिंड्रिकल नंबर (डोळ्याची गोलाई सगळीकडे सारखी नसल्याने लागणारा) आणि सुरू होत असलेला मोतीबिंदू ही दोन नेहमीची कारणं, आणि दोन्हींवर उपचार आहेत. हा त्रास तुम्हाला गेल्या काही महिन्यांतच वाढलेला वाटत असेल, तर गाडीच्या आधी डोळे तपासून घ्या.