स्मॉलकॅपमध्ये ‘व्हॅल्यू’ शोधताय? आधी फॅक्टशीट उघडा

भाऊ, ‘व्हॅल्यू’ म्हणजे किमतीच्या मानाने स्वस्त शेअर. पण नाव पाहून फंड घेऊ नका, फंडाचं माहितीपत्रक म्हणजे फॅक्टशीट बघा. बाजारमूल्यात २५१ व्या क्रमांकापासून पुढच्या सगळ्या कंपन्या स्मॉलकॅप. स्मॉलकॅप फंडाला त्यांत किमान ६५ टक्के पैसा ठेवावाच लागतो. ‘व्हॅल्यू फंड’ मात्र वेगळा प्रकार. त्यात मोठ्या बँकाच भरलेल्या असू शकतात. म्हणून स्मॉलकॅप फंडच घ्या, पण पी-ई (भाव भागिले प्रति शेअर नफा) आणि पी-बी (भाव भागिले प्रति शेअर पुस्तकी मूल्य) निफ्टी स्मॉलकॅप २५० या निर्देशांकापेक्षा कमी असलेला. स्वस्त शेअर कधीकधी स्वस्तच राहतो, कारण धंद्यावर कर्ज असतं किंवा प्रवर्तकाचे शेअर गहाण असतात.

दर महिन्याची स्ट्रेस टेस्ट बघाच: निम्मा पोर्टफोलिओ विकायला किती दिवस लागतील, हे त्यात असतं. फंड फुगला की हा आकडा वाढतो, अन् पडत्या बाजारात तोच नडतो.

नागपूरच्या सीताबर्डीत एजंटाकडे फॉर्म भरला तर बहुधा रेग्युलर प्लॅन (एजंटाचं कमिशन धरलेला) मिळतो. थेट घेतलेल्या डायरेक्ट प्लॅनच्या तुलनेत खर्चात १ टक्क्याचा फरक असेल तर ५ लाखांवर वर्षाला ५,००० गेले! एसआयपीत एक्झिट लोडची (लवकर पैसे काढल्यास कापल्या जाणाऱ्या शुल्काची) मुदत प्रत्येक हप्त्याची वेगळी मोजतात. सात वर्षांच्या आत लागणारा पैसा इथे नकोच.