धाड पडल्यावर त्या बायकांचं काय होतं?

तुम्ही विचारलंय की साताऱ्यात तुमच्या सोसायटीतल्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये वेश्याव्यवसाय चालतो असा संशय आहे. हा भारतात गुन्हा आहे का, आणि पोलिसांना कळवलं तर त्या बायकांचं काय होतं? दुसऱ्या प्रश्नासाठी लिहायला बसले. अशा एका धाडीत मी पंच होते.

पहिल्याचं सरळ सांगते. सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने पैसे घेऊन संबंध ठेवणं, एवढंच असेल तर तो आपल्याकडे गुन्हा नाही. त्याच्या आजूबाजूचं जवळजवळ सगळं मात्र गुन्हा आहे. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याला पोलीस ‘पिटा’ म्हणतात. त्यात कुंटणखाना चालवणारा, दलाल आणि माहीत असून जागा देणारा मालक हे सगळे येतात. एकटी बाई स्वतःपुरता धंदा करत असेल तर तो कुंटणखाना होत नाही, पण दोघींनी मिळून खोली घेतली की होतो. रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावलं तर बाईला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि पुरुषाला तीन महिन्यांपर्यंत. हा हिशेब कोणी केला देव जाणे. कलम ४ तर असं, की तिच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारा १८ वर्षांवरचा कोणीही आरोपी. म्हणजे म्हातारी आई किंवा कॉलेजात जाणारा मुलगाही त्यात ओढला जाऊ शकतो.

आता धाड. मी सांगलीत एका सरकारी कचेरीत कारकून होते. २०२२ च्या आधीची गोष्ट. या कायद्याखालच्या झडतीला पंचांत एक तरी बाई लागते, म्हणून दुपारी साहेबांनी मला धाडलं. मिरज रस्त्यावरचा लॉज. बनावट गिऱ्हाइकाच्या खिशातल्या पाचशेच्या दोन नोटांचे नंबर माझ्यासमोर लिहून घेतले, खाली माझी सही. वर गेलो तर तिशीतली एक बाई पलंगाच्या कडेला बसून केसांना पिना लावत होती. हवालदार मुद्देमाल मोजत होता. नोटा दोन, मोबाइल एक, निरोधची पाकिटं अकरा. ती मला म्हणाली, “ताई, पोरीची शाळा पाचला सुटती. तिला आणायला कोण जाणार?” मी लेडीज कॉन्स्टेबलकडे बघितलं, तिने घड्याळाकडे. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘तीन महिलांची सुटका’.

या ‘सुटके’चा अर्थ समजून घ्या. कलम १७ खाली मॅजिस्ट्रेट चौकशी करून अशा बाईला एक ते तीन वर्षं सुधारगृहात ठेवू शकतात. आरोपी नाही, तरी दाराला कुलूप. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन सज्ञान तरुणींना असं ठेवण्याचा हुकूम रद्द केला.

मग १९ मे २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. ‘वेश्याव्यवसाय कायदेशीर झाला’ असे मेसेज फिरले, ते चूक. मर्जीने धंदा करणाऱ्या सज्ञान बाईच्या वाटेला पोलिसांनी जाऊ नये, या न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या शिफारशीवर केंद्राने आक्षेप घेतला होता, म्हणून ती लागू झाली नाही. मनाविरुद्ध सुधारगृहात अडकलेल्या सज्ञान बायकांची पाहणी करा, आणि निरोध हा गुन्ह्याचा पुरावा धरू नका, हे मात्र न्यायालयाने राज्यांना बजावलं. ती अकरा पाकिटं मला तेव्हा आठवली.

धाडीनंतर काही वर्षांनी सांगलीतल्या विजयनगरच्या कोर्टात माझी साक्ष झाली. वकिलांनी नोटांचे नंबर विचारले. मुलीला शाळेतून कोणी आणलं, हे कोणी विचारलं नाही.

म्हणून कळवूच नका असं नाही. मुलगी १८ च्या आतली वाटत असेल, कुणाला कोंडलंय, मारहाण होते, रडण्याचे आवाज येतात, तर आजच ११२ ला फोन करा, लहान मुलगी असेल तर १०९८ ला. पिळवणुकीसाठी माणसांची विक्री किंवा वाहतूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ खाली वेगळा आणि फार मोठा गुन्हा आहे. किमान सात वर्षं, आणि अल्पवयीन असेल तर दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. तिथे ‘तिची तयारी होती’ ही सबब चालत नाही. मर्जीचा धंदा आणि माणसांची विक्री या दोन गोष्टींची गल्लत करायची नाही, हे आमच्या सांगलीत धंद्यातल्या बायकाच सांगत आल्यात. संग्राम संस्थेच्या आधाराने त्यांनी १९९६ साली वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही स्वतःची संघटना उभी केली.

फोनवर जे डोळ्यांनी बघितलंय तेवढंच सांगा. व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. आमच्या बिल्डिंगमध्येही मागे अशीच कुजबुज झाली होती, रात्री-अपरात्री गाडी सोडायला येते म्हणून. निघाल्या दोघी नर्स, मिरजेच्या दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या.